सायकलीची वाकळ

सोमवार, १२ नोव्हेंबर १९७९

कपाट आवरताना एक कोरे शेरेबुक सापडले. मी आधी शिक्षिका होते. पुढे शाळा तपासनीस असताना प्रत्येक शाळेच्या शेरेबुकात दोन ओळी लिहून सही करावी लागे. फळा काळा नाही. मुली स्वच्छ. गणित कच्चे. वीस वर्षे दुसऱ्यांच्या पुस्तकांत लिहिले, हे एक माझ्याकडे उरले. ते आता मी स्वतःसाठी वापरणार.

नोंदीचे कारण असे की मी समुद्र पाहिलेला नाही. वय एकोणसाठ. बी.एस्सी. होऊन अडतीस वर्षे झाली. भरती-ओहोटी मी फळ्यावर शेकडो मुलींना समजावून सांगितली आणि एकीनेही विचारले नाही की बाई, तुम्ही पाहिली आहे का.

आज जयवंताचे पत्र आले. ही माझी जुनी विद्यार्थिनी. अंदमानात, पोर्ट ब्लेअरच्या शाळेत शिकवते. चार पाने लिहून शेवटी लिहिते, "बाई, इथे एक रस्ता समुद्राच्या कडेकडेने पाच-सहा किलोमीटर जातो. मोटारी क्वचित. त्या रस्त्यावर तुमची आणि तुमच्या सायकलीची आठवण येते." पोरीने सहज लिहिले असेल. मी ते वाक्य दुपारपासून तीनदा वाचले.

मी जाणार. सायकल घेऊन जाणार. जहाज कधी सुटेल ते जहाजालाही ठाऊक नसते, म्हणून विमानाने.

शामलाला सांगितले. शामला माझी भावजय. माझा भाऊ रुपराव गेल्यापासून अकरा वर्षे माझ्याजवळ आहे. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "समुद्र पाह्याले सायकल कायले पायजे, ताई? डोये पुरत नाही काय?"

मी पत्राची घडी करून शेरेबुकात ठेवली.

गुरुवार, १५ नोव्हेंबर

विमान कंपनीच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या पोराने सायकलीच्या अटी सांगितल्या. दोन्ही पेडले काढायची. हँडल फिरवून सायकलीच्या अंगाला लावायचे. पुढचे चाक काढून बाजूला बांधायचे. टायरमधली हवा सोडायची. सगळे नीट गुंडाळून आणायचे.

"हवा का सोडायची?"

"वर गेल्यावर टायर फुगतो ना मॅडम."

"का फुगतो?"

त्याला माहीत नव्हते. मी हवेचा दाब समजावून सांगितला. माझ्यामागे सात माणसांची रांग झाली. शेवटी तो म्हणाला, "समजलं मॅडम, पन तिकडं उतरल्यावर सायकल जोडून कोन देईन?"

"मी."

त्याने माझ्या केसांकडे पाहिले. तिकीट २३ जानेवारीचे मिळाले. आधी कलकत्ता, तिथे एक मुक्काम, मग पुढे.

घरी येताना नियम केला. सायकल एकटीने, कोणाचा हात न लागता, एका तासात उघडून पुन्हा जोडता आली पाहिजे. जमले नाही तर तिकीट परत. ज्याला स्वतःची पाटी पुसता येत नाही त्याने तिच्यावर लिहू नये, असे मी मुलींना सांगत असे. परीक्षा रविवारी, २० जानेवारीला, सकाळी आठ वाजता, अंगणात.

सायकलीविषयी: विलायती, बायकी घडणीची, मधली दांडी नसलेली. बाबांनी मी पदवीधर झाले तेव्हा घेऊन दिली. हिच्यावरून मी कन्हानपर्यंतच्या शाळा तपासल्या. हुडकेश्वरला तेव्हा नुसती शेते होती, आणि शाळेच्या आधी कुत्री भेटत. जयवंता म्हणेल की तिथे सायकल मिळेल. दुसऱ्याची सायकल म्हणजे दुसऱ्याच्या चपला.

रविवार, १८ नोव्हेंबर

सक्करदऱ्याचा धोंडबा सायकलवाला पहिला धडा द्यायला घरी आला. त्याची मुलगी माझ्या शाळेत होती, त्यामुळे तो अजूनही माझ्यासमोर बिडी लपवतो.

उजवे पेडल पाच मिनिटांत निघाले. डावे निघेना. मी पाना लावून अर्धा तास जोर केला. धोंडबा तोंडावर रुमाल धरून खोकत होता. खोकला नव्हता.

"बाई, तुम्ही थे घट्ट करून राहिले," तो शेवटी म्हणाला. "डाव्याची चूडी उलटी असते."

अडतीस वर्षे मी या पेडलवर पाय ठेवला आणि हे मला माहीत नव्हते. उजव्याचे आटे कसे फिरतात, डाव्याचे कसे, मी कागदावर आकृती काढू लागले. शामला ओट्यावर तूरडाळ पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "आकृती कायले? पाना वर धरा. पुढच्या चाकाकडं गेला की घट्ट, मांगच्या चाकाकडं आला की सैल. दोन्ही बाजूनं तेच."

धोंडबाने करून पाहिले. बरोबर होते.

"तुला कोणी सांगितले?"

"कोन सांगते? दिसते ना. मानसाचंही तसंच असते."

शेरा: विद्यार्थिनीने आकृतीपेक्षा सुपाकडे लक्ष द्यावे.

रविवार, २५ नोव्हेंबर

पहिला पूर्ण सराव. अठ्ठावन्न मिनिटे. तासात बसले, आणि परीक्षेला दोन महिने आहेत. समाधान.

रविवार, २ डिसेंबर

एक तास चार मिनिटे. पाना ढिला झाला आहे. धोंडबाकडून दुसरा मागवला.

बुधवार, ५ डिसेंबर

पहाटे एक स्वप्न पडले. मी स्वप्ने लिहीत नाही, पण याच्यात समुद्र होता म्हणून लिहिते.

मी सायकलवर होते आणि डावीकडे समुद्र. पाहिलेला नसल्यामुळे मनाने तो घरातल्याच सामानातून तयार केला असावा. आधी तो ज्वारीच्या शेतासारखा होता, वारा आल्यावर एका अंगाने चंदेरी होणारा. मग लहान होत होत बाबांच्या बशीएवढा झाला. चहाची बशी. बाबांच्या शेवटच्या वर्षांत त्यांच्या हातात चहा कधी स्थिर राहिला नाही. गावी शामला त्यांची बशी धरत असे. स्वप्नात त्या बशीत लाटा होत्या, आणि मी बशीच्या काठावरून गोल गोल सायकल चालवत होते, अगदी सावकाश, न पडता. लाटांना वेलदोड्याचा वास होता.

जाग आली तेव्हा शामला चहा घेऊन उभी होती. हल्ली ती कप अर्धाच भरते. चहापत्तीची बचत चाललेली दिसते. विचारणार होते, राहून गेले.

रविवार, ९ डिसेंबर

एक तास अकरा मिनिटे. थंडीने लोखंड आखडते.

एक चांगली गोष्ट. या पानावर छत्तीस ओळी बसल्या, पहिल्या पानावर बावीस होत्या. माझे अक्षर आपोआप बारीक येऊ लागले आहे. शेरेबुक जास्त दिवस पुरेल.

शुक्रवार, १४ डिसेंबर

सकाळी सायकलवरून अंबाझरी. तलावावर धुके होते, पलीकडचा काठ दिसत नव्हता. काठ दिसला नाही की तलावाचा समुद्र व्हायला काही लागत नाही. मी थांबले नाही. बांधाच्या कडेने चालवत राहिले. चाकाखाली ओली माती, कानाशी साखळीचा बारीक आवाज. धुक्यात कुठेतरी कोणी कपडे धूत होते आणि तो आवाज पाण्यावरून उशिरा येत होता, जणू दुसऱ्या दिवशीचे कपडे आजच धुतले जात होते.

सायकलवर मला कसलाच त्रास होत नाही. पायी चालताना अलीकडे उजवी चप्पल घासते. शामला म्हणते उजवा हात झुलत नाही. सायकलवर हँडल हातात आले की हात गप्प बसतात. मॉनिटर आली की वर्ग बसतो तसे.

घरी आले तर शामलाने माझ्या चारही ब्लाउजची बटणे काढून टिचबटणे लावली होती. "बोटानं दाबलं की लागते," म्हणाली. या वयात तिला फॅशनचे खूळ.

"मी बालवाडीत आहे का?"

"नाई बाप्पा. बालवाडीतले पोट्टे ऐकतात तरी."

शुक्रवार, २१ डिसेंबर

डावे पेडल नाहीसे झाले.

सुटे भाग मी बिस्किटांच्या डब्यात ठेवते. काल सरावानंतर थकले होते (एक तास वीस मिनिटे), म्हणून डावे पेडल परत बसवले नव्हते. आज डबा उघडला तर बाकीचे सुटे नट सगळे जागेवर, डावे पेडल नाही. घरात येणारा एकच माणूस, धोंडबा. काल तो नवा पाना द्यायला येऊन गेला होता.

शामलाला घेऊन दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर विचारले. आवाज वर गेला असेल.

धोंडबा शांतपणे म्हणाला, "बाई, मले न्यायचंच असतं त सायकल नेली असती. नुसत्या डाव्या पेडलवर मी कुठं जाऊ?"

गिऱ्हाइके हसली. त्याने दुसरे पेडल देऊ केले. मी नाही म्हटले. हे विलायती आहे, जोडी जमणार नाही. निघताना त्याने शामलाकडे पाहिले. शामला रस्त्यावरच्या बकरीकडे पाहत होती.

पेडलशिवाय परीक्षा नाही. परीक्षेशिवाय समुद्र नाही.

बुधवार, २ जानेवारी १९८०

बारा दिवस काही लिहिले नाही. लिहिण्यासारखे नव्हते.

आज शामला कळमन्याला मिरच्या आणायला गेली होती. दळण संपले होते, म्हणून मी स्वतः ज्वारीच्या पिंपात हात घातला. ज्वारी गार असते. कोपरापर्यंत हात आत गेला आणि तिथे तो एकदम निवांत झाला. मी बराच वेळ तशीच उभी राहिले. ज्वारीच्या तळाशी काय काय असेल असे वाटू लागले. शंख. मासे. मग बोटांना फडके लागले.

फडक्यात डावे पेडल होते. पुसलेले, तेल दिलेले. चोर तेल देत नाही.

शामला आली तेव्हा मी पेडल पाटावर ठेवून समोर बसले होते. ती मिरच्यांची पिशवी घेऊन दारातच उभी राहिली.

"का लपवलेस?"

"तुम्ही पडसान म्हणून."

"मी कधी पडले?"

"पडले नाई. तेच त! पडल्याबिगर तुमाले काई समजतच नाई." तिने पिशवी खाली ठेवली. "ताई, बाबाजींची बशी तीन वर्सं कोनं धरली? मी धरली. तुम्ही सुट्टीत येत होत्या, दोन दिवस राहून जात होत्या. सुरवात मी पाह्यली. एका बोटापासून झाली होती. मंग अक्षर बारीक झालं. बाबाजी म्हनत, कागदाची बचत होते."

मी तिला सांगितले की ज्वारी दळायला टाक.

ती गेल्यावर मी दार लावले, उजवा हात मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे पाहत बसले. घड्याळ लावून पाच मिनिटे. अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट एकमेकांवर फिरत होते, देवासाठी वाती वळाव्यात तसे. कापूस नव्हता. मी वळत नव्हते. माझा हात माझ्याशिवाय पूजेची तयारी करत होता.

निब जाड आहे असे मी गेला महिना या पुस्तकात लिहिले नाही, पण मनात रोज म्हटले. नवी निब कपाटात आहे. ती मी लावून पाहिली नाही, कारण मग काय म्हणायचे ते माहीत नव्हते.

गुरुवार, ३ जानेवारी

धोंडबाच्या दुकानात जाऊन, गिऱ्हाइके जमेपर्यंत थांबून, सर्वांसमोर म्हटले की पेडल माझ्याच घरात होते आणि माझे बोलणे चुकले. धोंडबा इतका घाबरला की हातातली बिडी त्याने हवेच्या पंपामागे विझवली.

"बाई, तुम्ही माफी नोका मांगू. मले रागवा पायजे त."

शेरा: दिलगिरी स्वीकारण्याची सवय नाही. सुधारणा व्हावी.

रविवार, ६ जानेवारी

एक तास बत्तीस मिनिटे. चाकाचा नट हातातून सुटून मोरीत गेला. शामलाने काढून दिला. तो सराव नियमाने बाद.

मेयो इस्पितळात दाखवू या, असे ती म्हणाली. परत आल्यावर, असे मी म्हटले. "परत आल्यावर" हे शब्द तोंडातून गेले, म्हणजे मी अजून जाणार आहे असे दिसते.

गुरुवार, १० जानेवारी

शामला रोज दुपारी देवळात जाते. अकरा वर्षांत तिला एवढी भक्ती नव्हती. आज परत आली तेव्हा नखांत काळे होते. विचारले तर म्हणाली तवा घासला. देवळात?

सोमवार, १४ जानेवारी

संक्रांत. पाच-सहा जुन्या विद्यार्थिनी तिळगूळ घेऊन आल्या. मी डबा पुढे केला तर आतले लाडू खुळखुळले. मुलींनी ऐकले नाहीसे दाखवले. त्या चांगल्या घरच्या आहेत. शामलाने माझ्या हातातून डबा घेतला आणि म्हणाली, "ताई अंदमानले चालल्या, म्हणून खुशीनं नाचून राहिल्या." सगळ्या हसल्या. मीही.

दुपारी जरा डोळा लागला तेव्हा पुन्हा तो रस्ता दिसला. या वेळी मी सायकलवर नव्हते. सायकल एकटीच जात होती, पेडल आपोआप फिरत, समुद्राच्या बाजूने. मागे वळून पाहत नव्हती. मला राग आला नाही. फक्त वाटले, हवा भरली आहे ना कोणी.

रविवार, २० जानेवारी

परीक्षा.

आठ वाजता सुरू. धोंडबा साक्षीदार म्हणून फाटकाजवळ. शामला ओट्यावर. घड्याळ तुळशीच्या कट्ट्यावर.

उजवे पेडल, हँडल, चाक, सगळे निघाले. डावेही निघाले. जोडताना बोटांना चूडी सापडेना. पेडल भोकाशी नेले की बोटे वाती वळू लागत. मी हात ज्वारीत असल्याची कल्पना करून पाहिली. दोनदा जमत आले. नऊ वाजले तेव्हा डावे पेडल माझ्या हातात होते.

"वेळ संपली," मी म्हटले. ते म्हणायला दुसरे कोणी नव्हते.

धोंडबा जमिनीकडे पाहत होता. मी उठले, हात पुसले आणि शामलाला म्हटले, "उद्या तिकीट परत करून ये."

"करतो," ती म्हणाली. "पन दुसरा नंबर माझा हाय."

पदर खोचून ती सायकलीशी बसली. आधी माझे डावे पेडल लावून सायकल पूर्ण केली. मग म्हणाली, "धोंडबा, घड्याय पाय गा." आणि पुन्हा सगळी उघडली. पाना तिच्या हातात पोळ्यांच्या कालथ्यासारखा होता. पुढे, मागे. घट्ट, सैल. मला तिच्या नखांतले काळे आठवले. देऊळ कुठले ते कळले. देवळाचा पुजारी फाटकाशी उभा राहून रुमालात खोकत होता.

एक्केचाळीस मिनिटे.

"हे चालणार नाही. नियम माझ्यासाठी होता."

"सायकलीले समजते काय, कोनं जोडली थे?"

"मी म्हटले होते, एकटीने. कोणाचा हात न लागता."

"मी एकटीनंच केलं ना. तुम्ही हात लावला काय?"

"शामला, ही कॉपी आहे."

"ताई," ती म्हणाली, आणि या वेळी हसली नाही, "बाबाजी शेवटी खाटेवरून म्हनत होते, एक डाव कन्हान नदीवर नेऊन बसव मले. रोज म्हनत. कामात कामात मी नेलं नाई. बशी धरली, नदी नाई दाखवली. मले तुमची बशी नुसती नाई धरायची."

अंगणात चिमण्या होत्या.

मी तपासनीस होते. उत्तीर्ण झालेल्या मुलीला मी कधी नापास केलेले नाही, मग ती खाली बसून उत्तर लिहो की उभी राहून. सायकलीभोवती फिरून प्रत्येक नट तपासला. हँडल सरळ. चाक फिरवले, कुठे घासत नव्हते. डावे पेडल घट्ट.

"तुझे तिकीट काढावे लागेल," मी म्हटले.

"काढलं. चार दिस झाले. धोंडबाले संग नेलं होतं. पोट्टा विचारत होता, खिडकीजवय बसता काय म्हणून. मी म्हटलं, बसतो."

शेरा: उत्तीर्ण. पहिला वर्ग. पूर्वतयारी गुप्तपणे केली, त्याबद्दल दोन गुण कमी.

मंगळवार, २२ जानेवारी

सायकल बांधली.

मी तरटाची व्यवस्था केली होती. शामलाने ते बाजूला सारून ट्रंकेतून वाकळ काढली. महिनाभर शिवत होती म्हणे. माझ्या जुन्या पातळांची, जी नेसून मी शाळा तपासत असे. पांढरी, नुसती काठांची. हिरव्या काठाचे कामठीच्या वर्षीचे. जांभळ्या काठाच्याला हुडकेश्वरच्या कुत्र्याने फाडलेला पदर तसाच होता, त्यावरून उभे टाके घातलेले. थरांवर थर, आणि हँडलसाठी वेगळी पिशवी, लहान मुलाच्या टोपड्यासारखी.

"महिनाभर? म्हणजे पेडल लपवलेस तेव्हाही हे शिवत होतीस?"

"हाव. मले तवा दोन्ही वाटत होतं."

हवा मी सोडली. ते मला जमले. नळीचा नट सैल केला आणि अंबाझरीची सकाळ सूंऽ अशा आवाजाने बाहेर आली, गार, रबराच्या वासाची. टायर हळूहळू जमिनीवर बसला. शाळेचा शेवटचा तास झाला की बाकांवर मुली अशाच सैल होत. धोंडबाने पंप सोबत दिला. मोबदला घेतला नाही.

सायकल ओट्यावर वाकळीत निजली आहे. तिच्याशेजारून जाताना मी दोनदा पाऊल हळू टाकले.

बुधवार, २३ जानेवारी

विमानात. अक्षर खराब येते, याला विमान जबाबदार धरता येईल, पण धरत नाही.

सोनेगाव विमानतळावर वजनाच्या काट्यावर सायकल ठेवताना हमाल बिचकला. "पेशंट हाय काय, मॅडम?"

"हाव," शामला म्हणाली. "हवा गेली त्याची. तिकडं भरली की उठते."

शामला खिडकीशी. तिने माझा उजवा हात तिच्या दोन्ही हातांत धरून ठेवला आहे. तिला भीती वाटते म्हणे. डाव्या हाताने लिहिते आहे. खाली नागपूर तव्याएवढे झाले, मग भाकरीएवढे, मग पांढरे काहीतरी आले आणि ते संपेना. मी विचारले, ढग आहेत का. ती म्हणाली, "कापूस हाय, ताई. कोनीतरी गंज पिंजून ठेवला, ढीगच्या ढीग."

आमच्या पायांखाली कुठेतरी सायकल आहे.

रविवार, २७ जानेवारी, पोर्ट ब्लेअर

ताई सांगून राहिल्या, मी लिहून राहिली. माही चौथी झाली हाय. चुका असतीन त ताई काढतीन.

(ताई म्हणतात: आजपासून नोंद शामला लिहील. मजकूर माझा.)

सायकल मी जोडली. जयवंताच्या अंगनात. छत्तीस मिनिट. हवा जयवंतानं भरली. वाकयीतून एक नट पडला होता थो तिच्या पोरीले सापडला.

सकायी सहा वाजता रस्त्यावर गेलो. ताईले बसाले मी सायकल धरली. बसल्यावर ताई म्हटल्या, सोड. मी सोडली.

(ताई म्हणतात: रस्ता डांबरी, उत्तम. उजवीकडे नारळ. डावीकडे समुद्र वेळेवर हजर. वारा समोरून. जाऊन येऊन सुमारे अकरा किलोमीटर. एकदाही उतरले नाही. निरीक्षण असे की समुद्र ज्वारीसारखा नाही. कशासारखाही नाही. ही नोंद अपुरी आहे, उद्या पुन्हा जाऊन पूर्ण करावी.)

आतं हे ताईनं सांगतलं नाई, मी लिहितो. मी वाकय घेऊन दगडावर बसली होती. ताई गेल्या त पाठ दिसत होती, मंग ठिपका, मंग काई नाई. मी पान्याकडं नाई पाह्यलं, रस्त्याकडं पाह्यलं. काठाले पानी कपाशीवानी फुटून राहिलं होतं. गंज येयानं, सूर्य वर चढल्यावर, परत ठिपका आला. ताई आल्या. दोन्ही हात हँडलवर एकदम गप्प. बोट बी हालत नव्हतं. तोंडावर पानी होतं. मी विचारलं समुद्राचं काय, त म्हटल्या हो.

खाली उतरल्या आन् हात सुरू झाला. मी धरला. ताईनं सोडवला नाई.

ताई म्हनतात शेरा तू लिही. मले शेरा येत नाई. मी लिहिलं, बरं झालं.

सही ताईनं स्वताच्या हातानं केली. मुंगीएवढी हाय. पन वाचता येते.

य. भोयर